घोड्यांची मास्तरीण

"मास्तरांच्या घरात रोज पहाटे चारला दिवा लागतो हं," काकू म्हणाल्या. दोन्ही कोपरं भिंतीवर टेकवून त्या उभ्या होत्या, म्हणजे विषय लांबणार हे नक्की. काकूंच्या आणि आमच्या घरामधली ही भिंत जेमतेम छातीइतकी आहे. बांधणाऱ्याने हद्द दाखवायला बांधली असेल, पण आजवर तिचा उपयोग कढीपत्ता, विरजण आणि बातम्या इकडून तिकडे जाण्यासाठीच झालाय.

"नात आलीय ना त्यांची परत. तिचा दिवा."

"तेच म्हणतेय मी. इंग्लंडला जाऊन शिकून आली आणि उठून जाते कुठे? तर पागेत! गुडघ्यापर्यंत बूट चढवून. परवा वाण्याकडे शेजारी उभी होती, तर अंगाला हा वास!" काकूंनी पदर नाकाशी नेऊन दाखवला. "करते तरी काय गं ती?"

"घोडे शिकवते."

"घोडे शिकवते, की घोड्यावर बसायला शिकवते?"

काकूंचं हे असंच आहे. भेंडी निवडता निवडता असा नेमका प्रश्न टाकतात की समोरचा गप्प होतो. मी म्हटलं, "दोन्ही. दुसऱ्यावर पोट भरते आणि पहिल्यासाठी चारला उठते."

तसं आमच्या घोरपडी-वानवडीच्या पट्ट्यात घोडं हे काही नवल नाही. रेसकोर्स हाकेच्या अंतरावर. पावसाळा सुरू झाला की पुण्याचा शर्यतींचा हंगाम, आणि दिवाळीनंतर सगळा लवाजमा गाड्यांत भरून मुंबईला, महालक्ष्मीला. इथली जुनी माणसं हंगाम कॅलेंडरवर बघत नाहीत. पहाटे कॅम्पाकडच्या रस्त्यावर टापा वाजायला लागल्या की ओळखतात. त्यामुळे काकूंचं पहिलं अनुमान साहजिकच होतं.

"म्हणजे पेसी श्रॉफसारखी ट्रेनर का? आमचे हे फार नाव घ्यायचे त्याचं. आधी जॉकी म्हणून डर्बी जिंकला, मग ट्रेनर म्हणूनही जिंकला म्हणे." मग आवाज खाली. "पगाराच्या आठवड्यात हे ऑफिसातून परस्पर रेसकोर्सवर जायचे, तुला म्हणून सांगते. घरी सांगायचे, ओव्हरटाइम होता."

ही बातमी काकूंनी मला म्हणून आधीही बऱ्याचदा सांगितलेली आहे.

तेवढ्यात दफेदारकाका आले. काका मूळचे साताऱ्याकडचे. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. मेरठ, सहारनपूर, घोडे आणि खेचरं. निवृत्तीनंतरही चालतात ते घोड्याच्या डाव्या बाजूने चालल्यासारखे, उजवा हात किंचित वर धरून. घोड्याचा विषय निघाला की त्यांची फेरी आमच्या फाटकाशी संपते.

"काकू, ते शर्यतीचं खातं येगळं," ते म्हणाले. "तिथं ट्रेनरला टर्फ क्लबाचं लायसन लागतं. आधी कुणा जुन्या ट्रेनरच्या हाताखाली असिस्टंट म्हणून काढायची वर्सं, मग स्टुअर्ड लोक पारखून घेणार. घोडं मालकाचं, मालक महिन्याचे पैसे देणार, जिंकलं तर बक्षिसात वाटा. आन् घोडं कशासाठी? तर पळण्यासाठी. दोन वर्सांचं झालं की पळवायला घेत्यात. या पोरीचं काम ते सोडून बाकी सगळं."

"बाकी सगळं म्हणजे?"

"थांबायला शिकवायचं. वळायला शिकवायचं. उडी मारायला, मागं सरायला, माणूस पडला तर तिथंच उभं ऱ्हायला."

काकूंना हे फारसं पटलं नाही. थांबायला काय शिकवायचं, लगाम ओढला की थांबतो, असं त्यांचं मत. हे मत फक्त काकूंचं नाही. माथेरानला एक फेरी मारून आलेल्या प्रत्येकाचं असतं. माझंही होतं, मास्तरांच्या नातीबरोबर एका सकाळी तिच्या पागेवर जाईपर्यंत.

पण ती पुढची गोष्ट. आधी शिक्षणाचं, कारण काकूंचा खरा सल तिथे होता. मास्तरांनी आयुष्यभर गणित शिकवलं, मुलगा इंजिनिअर, आणि नात घोड्यामागे. तिनं ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षा दिल्यात. ही संस्था १९४७ची, आपल्या स्वातंत्र्याच्या वर्षाची. परीक्षा टप्प्याटप्प्याने असतात, आणि गंमत अशी की पहिल्या टप्प्यापासून घोड्यावर बसण्याची परीक्षा वेगळी आणि घोडा सांभाळण्याची वेगळी. एकीत पास झालात म्हणून दुसरी माफ होत नाही. घोडा बांधायचा कसा, खरारा कसा करायचा, खूर कसा उचलून साफ करायचा, खालचं अंथरूण कसं बदलायचं, आजारी घोडा ओळखायचा कसा. पुढच्या टप्प्यात लांब दोरीवर घोडा गोल फिरवणं येतं आणि दुसऱ्याला शिकवणं येतं.

"हे तर आमच्या आजोळचा मोतद्दार करायचा," काकू म्हणाल्या. "त्याला कुणी इंग्लंडला पाठवलं नव्हतं."

मला वाटलं दफेदारकाका आता उसळणार. पण त्यांनी मान हलवली. "खरं हाय. मोतद्दाराला हातानं सगळं येतंय. पर का म्हणून विचारलं तर सांगता येत न्हाई. परीक्षेत तेच विचारत्यात, का?"

मग त्यांनी घोड्याच्या पोटाचं सांगितलं. घोड्याला उलटी करता येत नाही. गळ्याखाली उतरलं की माघारी नाही. शरीर चारशे-पाचशे किलोचं, पण जठर त्या मानाने अगदी लहान. निसर्गाने त्याला दिवसभर थोडं थोडं चरत राहण्यासाठी घडवलंय. आपण त्याला खोलीत कोंडतो, दिवसातून दोन-तीनदा चंदीची पाटी पुढे करतो, आणि मग पोटशूळ झाला की डॉक्टरला फोन. घोडा पोटाकडे वळून वळून बघायला लागला, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला, लोळायला लागला, की जाणता माणूस हातातलं सगळं टाकून धावतो. घोड्याचा पोटशूळ म्हणजे 'ओवा खा आणि पड' असलं प्रकरण नाही. काही तासांत होत्याचं नव्हतं होतं. म्हणून चंदी थोडी आणि जास्त वेळा, सुका चारा भरपूर, पाणी कायम पुढे, आणि खाल्ल्याखाल्ल्या कामाला काढायचा नाही. मास्तरांची नात चारला उठते ती या चंदीसाठी. सहाला काम सुरू करायचं तर त्याच्या बरंच आधी पाटी रिकामी झालेली हवी.

"आणि नोकर नाहीत का तिथे?"

"आहेत. साईस आहेत. पण त्यांच्या आधी ती पोचते."

"मग शिकून काय उपयोग," काकू पुटपुटल्या. भेंड्या संपल्या होत्या, तरी त्या हलल्या नाहीत.

आता त्या सकाळचं. तिच्याकडे तेव्हा एक घोडी आली होती, शर्यतीतून निवृत्त झालेली. आपल्याकडच्या रायडिंग क्लबांत बसायला मिळणारे कितीतरी घोडे असेच येतात. थरोब्रेड घोडा शर्यतीत काही वर्षं पळतो, मग पाय दुखावतो किंवा वेळ मागे पडते. तोवर त्याचं वय असतं पाच-सहा-सात, आणि नीट सांभाळलं तर आयुष्य असतं पंचवीस वर्षांचं. एवढं उरलेलं आयुष्य जायचं कुठे? नामांकित घोड्या स्टडवर जातात, पैदाशीला. पूर्वी बरेच घोडे परळच्या हाफकिनला दिले जायचे. सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तातूनच तयार होतं. थोडं थोडं विष टोचायचं, घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो, तो काढून घ्यायचा. पुण्याच्या पूनावालांचा स्टड फार्म १९४६चा आणि सीरम इन्स्टिट्यूट १९६६ची, या दोन्हींमधला धागा हाच. सगळ्या जगाला लशी पुरवणारा कारखाना घोड्यांच्या कुरणातून उगवला, हे ऐकल्यावर काकूंनी पहिल्यांदा घोड्यांबद्दल आदराने "हो?" म्हटलं.

बाकीचे येतात रायडिंग शाळेत. आणि इथे खरी मेख आहे. लोकांना वाटतं, शर्यतीचा घोडा म्हणजे तयार घोडा. त्याच्यावर माणूस बसलेला आहे, त्याला खोगीर माहीत आहे, लगाम माहीत आहे, अजून काय हवं? पण त्याला जे माहीत आहे तेच आड येतं. जॉकी लगाम आवळून धरतो, घोडा तोंडातल्या कडीवर भार टाकून पळतो; म्हणजे लगाम ताणला की धावायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आता त्याच्यावर बसलाय नववीतला मुलगा. मुलगा घाबरतो, लगाम ओढतो. घोडा म्हणतो, अच्छा, पळायचंय तर! मुलगा आणखी ओढतो, घोडा आणखी पळतो. निवृत्त झालेला माणूस सकाळी कंपनीची बस चुकली म्हणून दचकून उठतो ना, अगदी तसंच हे. त्यात घोड्याचा दोष काय?

दुसरं, जॉकी उंच आखडलेल्या रिकिबीत पाय अडकवून पाठीवर अधांतरी असतो. पोटऱ्यांनी घोड्याला काही सांगत नाही. त्यामुळे खोगिरात नीट बसलेल्या माणसाचं वजन आणि बरगड्यांना लागणारे पाय हे त्या घोड्याला नवीनच. कुणी खाली पाय सोडून बसला की तो बिचकतो. तिसरं, जॉकीला कुणीतरी गुडघ्याला आधार देऊन वर टाकतो, तेही घोडा चालत असताना. त्यामुळे माणूस रिकिबीत पाय घालून चढेपर्यंत शांत उभं राहायचं असतं, हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून त्या घोडीला सगळं पहिलीपासून. मी गेले तेव्हा पोरगी तिला लांब दोरीवर गोल फिरवत होती. पाठीवर खोगीर नाही, फक्त पट्टा. हातात लांब चाबूक होता, पण तो घोडीला एकदाही लागला नाही. नुसता तिच्या मागच्या बाजूला दाखवला जायचा. चाल, दुडकी, पुन्हा चाल. डावीकडून, मग उजवीकडून. उजवीकडून घोडी आखडायची. "तिची ती बाजू ताठ आहे," पोरगी म्हणाली. मला दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. अर्धा तास हेच. मग चढायच्या चौरंगाशी तिला नेऊन उभं करायचं. घोडी सरकली की परत फिरवून आणायचं, पुन्हा उभं करायचं. चढायचं नाहीच. घोडी स्वतःहून, दोरी सैल असताना, क्षणभर उभी राहिली की मानेवर थाप आणि सुट्टी. त्या दिवशीचा पाठ तिथे संपला. मी विचारलं, एवढंच? ती म्हणाली, आजचं एवढंच.

तिच्या सगळ्या विद्येचं मर्म त्या सुट्टीत आहे, असं मला तेव्हा वाटलं. पायाने हलकं दाबायचं; घोडा पुढे गेला की त्याच क्षणी पाय सैल. लगामाने विचारायचं, घोड्याने मान सोडली की बोटं सैल. घोडा दाबण्याने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. दोन सेकंद उशीर झाला तर तो भलतंच शिकतो, आणि जे शिकला ते विसरत नाही. ही वेळ साधणं पुस्तकात येत नाही. चांगला स्वार होणं म्हणजे शिकलेला घोडा चालवता येणं. घोडा शिकवायचा म्हणजे न शिकलेल्या, किंवा त्याहून वाईट, चुकीचं शिकलेल्या घोड्यावर बसून त्याचं पुढचं पाऊल पडायच्या आधी ओळखणं. पहिलं ती दोन-तीन वर्षांत शिकली. दुसऱ्याला, ती स्वतःच म्हणते, अजून दहा वर्षं लागतील.

"हाणून शिकवलेलं घोडं हाणणारा असेपर्यंतच शिकलेलं असतंय," दफेदारकाका म्हणाले. काकूंनी यावर आपल्या थोरल्या जावयाचं उदाहरण दिलं. ते इथे सांगण्यासारखं नाही.

घोडे मलाही अगदीच नवीन नाहीत. माझं माहेर शहाद्याकडचं. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तो मी लहानपणापासून बघितलाय. तिथलं शास्त्र निराळं. गिऱ्हाईक आधी रंग बघणार, मग भोवरे. कपाळावरचा भोवरा कुठे, मानेवरचा कुठे, कुठला मालकाला तारणारा, कुठला बुडवणारा. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, असेल तर भाव वर. मग नाच, मग रेवाल चाल. स्वार पाण्याचा पेला घेऊन बसला तरी थेंब सांडू नये, अशी फुशारकी. चाल खरोखर देखणी असते, आणि ती शिकवणारे जुने लोक कसबी असतात, यात शंका नाही. पण खूर आणि सांधे बघणारा माणूस शंभरात एखादा. मास्तरांच्या नातीला मी हे सांगितलं तर म्हणाली, "मी खालून वर बघत जाते, मावशी. भोवऱ्यापर्यंत पोचते तोवर बहुतेक घोडे नापास झालेले असतात." आता आपल्या भीमथडी घोड्याची जात म्हणून सरकारी नोंद झालीय. मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर दख्खनभर हिंडणारं ते काटक तट्टू. तिचं म्हणणं, लहान मुलांना शिकवायला उंच थरोब्रेडपेक्षा हे बरं. पण आईबापांना फोटोत उंच घोडा हवा असतो.

काकूंनी मध्येच माऊलींच्या अश्वाचा विषय काढला. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीला येतात, पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत जातात. एवढा लाखांचा जमाव, टाळ, मृदंग, आणि रिंगणात तो अश्व मोकळा धावतो, एकाही वारकऱ्याला धक्का लागत नाही. "त्याला कुणी शिकवलं?" काकू म्हणाल्या. दफेदारकाका म्हणाले, आवाजाची आणि गर्दीची सवय लहानपणापासून लावली की घोडं बिचकत नाही. लष्करात तोफेजवळ उभं करून लावतात तशी. काकू म्हणाल्या, ती माऊलींची कृपा. काका म्हणाले, "ती तर हायच." आणि दोघांनी हात जोडले, त्यामुळे वाद टळला.

आता पैशाचं. हा मुद्दा काकू कधीच विसरत नाहीत. रायडिंग शिकून आलेल्या मुलीला आपल्याकडे पहिली नोकरी मिळते ती क्लबात शिकवण्याची. सकाळी दोन तुकड्या, संध्याकाळी दोन, शनिवार-रविवार मुलांची झुंबड. पगार बेताचा. एका क्लबाने तर तिला सांगितलं होतं की घोड्यांवर बसायला मिळतंय हाच अर्धा पगार समजा. ती तिथून निघाली. आता शिकवण्या स्वतःच घेते, पोट त्यावरच, आणि शिवाय दुसऱ्यांचे घोडे घेते. कुणाचा घोडा उडीशी अडतो, कुणाचा गाडीत चढत नाही, कुणाचा चावतो. महिन्याचे ठरवून पैसे. त्यातून चारा, साईस, नालबंद, डॉक्टर. नाल दर सहा-आठ आठवड्यांनी बदलायचे, कारण खूर वाढतच राहतात. घोडा पळो न पळो, दिवाळी असो नाहीतर सुतक, चंदी चुकत नाही. खरा नफा, ती म्हणते, घोडा तयार करून विकण्यात आहे. पण तयार झालेला घोडा विकायचा दिवस आला की रडू येतं, आणि रडत रडत घासाघीस होत नाही.

"म्हणजे माणसांच्या शिकवण्या घेऊन घोड्यांचं शिक्षण चालवते," काकूंनी निष्कर्ष काढला. मास्तरांच्या घराण्याला हे साजेसंच आहे. त्यांनीही श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन गरिबांना फुकट गणित शिकवलं.

"आणि मोठं व्हायचं असेल तर?"

मोठं व्हायचं तर वाट अजून तरी युरोपातूनच जाते. फवाद मिर्झाने २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये इव्हेंटिंगचं, म्हणजे घोडेस्वारीच्या तिहेरी स्पर्धेचं, वैयक्तिक रौप्य आणलं, टोकियो ऑलिंपिकमध्ये तेविसावा आला. तेव्हा राहणं आणि सराव जर्मनीत. कोलकात्याचा अनुष अगरवाला सतराव्या वर्षी घर सोडून जर्मनीला हुबर्टस श्मिट यांच्याकडे गेला. २०२३मध्ये हांगझोउला त्याने, दिव्यकृती सिंगने, सुदिप्ती हजेलाने आणि आपल्या मुंबईच्या हृदय छेडाने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण मिळवलं. त्याआधीचं घोडेस्वारीतलं सुवर्ण होतं १९८२च्या दिल्ली एशियाडचं. मध्ये एक्केचाळीस वर्षं!

"ब्याऐंशीचं मला आठवतंय!" दफेदारकाका भिंतीला हात लावून ताठ झाले. "रघुबीर सिंग! आन् घोड्याचं नाव शहजादा. सगळी फौजेची माणसं." खरंच होतं ते. तेव्हा पदकं फौजेची होती. आताची चौघं साध्या घरांतली नसली तरी मुलकी घरांतली आहेत, आणि त्यात दोन मुली.

काकूंना मुलींचं ऐकून बरं वाटलं. "मुली वेगळ्या खेळतात ना?"

नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि बायका एकमेकांविरुद्ध एकाच स्पर्धेत उतरतात असा खेळ म्हणजे घोडेस्वारीच. पूर्वी तिथेही बहुतांशी लष्करी अधिकाऱ्यांची मक्तेदारी होती. १९५२ला हेलसिंकीत ड्रेसाज बायकांना खुलं झालं, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्य जिंकलं. पोलिओमुळे तिचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले होते. घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागायचा. पण एकदा बसली की पायांनी जे सांगता येत नव्हतं ते कमरेने आणि वजनाने सांगायची. मास्तरांच्या नातीच्या खोलीत तिचा फोटो आहे.

"आणि ते सुवर्णपदकाचे घोडे आता कुठे आहेत? बघायला मिळतील का रेसकोर्सवर?" काकूंनी विचारलं. कसे मिळणार! घोड्यांच्या रोगांबाबत आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत. भारतातून घोडा स्पर्धेला बाहेर न्यायचा तर विलगीकरणाचं जंजाळ, म्हणून आपले खेळाडू घोडे तिकडेच घेतात, तिकडेच ठेवतात, तिथूनच स्पर्धेला उतरतात. इथे तयार केलेला घोडा कितीही गुणी असला तरी वेशीपाशीच अडकायचा. आणि घोडा तयार करणाऱ्याचं नाव तरी मग कुठून होणार? माझ्या मते आपल्याकडे स्वार निर्माण झाले आणि ट्रेनर मागे राहिले, त्याचं हे मोठं कारण. आता २०२५मध्ये मेरठच्या लष्करी केंद्राला रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक पशु-आरोग्य संघटनेची मान्यता मिळालीय, म्हणजे तिथे पाळलेल्या घोड्यांना बाहेरची वाट मोकळी होण्याची शक्यता. "आमचं मेरठ," दफेदारकाका दोनदा म्हणाले.

"ते सगळं असू दे," काकूंनी घोडं पुन्हा आपल्या मैदानात आणलं. "लग्नाचं काय? मागल्या वर्षी हासळीचं हाड मोडून घेतलं होतं म्हणे. कोण करणार?"

मी म्हटलं, एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यातलाच, चांगला. भेटायची वेळ ठरवायला त्याने फोन केला, तर ही म्हणाली, पहाटे साडेपाचला ये, त्यानंतर मला साडेअकरापर्यंत वेळ नाही.

"मग? आला?"

"आला. घोड्याच्या बरोब्बर मागे जाऊन उभा राहिला."

दफेदारकाकांनी कपाळावर हात मारला. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं आणि नेमकं शेपटीमागचं. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं असतं. मुलगा वाचला, पण स्थळ गेलं. काकू बराच वेळ हसल्या आणि मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं.

"आमच्या नातवाला पाठवावं का गं मे महिन्यात तिच्याकडे? दिवसभर मोबाइल घेऊन पडलेला असतो. जरा ताठ बसायला तरी शिकेल."

"पाठवा की," दफेदारकाका म्हणाले. "पर पयले पंधरा दिवस बसायला मिळणार न्हाई. ती पोरगी आधी लीद उचलायला लावती, मग खरारा, मग खूर. कलेक्टरचं पोरगं आलं तरी तेच."

"लीद?" काकू म्हणाल्या. "अहो, तो जेवलेलं ताट उचलत नाही!"

"मग तर उद्याच पाठवा," काका म्हणाले आणि फाटक लावून चालू लागले.